पुरुमेंत: काय भरायचं, किती भरायचं आणि काय दुकानातच राहू द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्यातलं चार माणसांचं घर. सासूबाईंच्या मते एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याचं सगळं पुरुमेंत, म्हणजे चार महिन्यांची साठवण, भरून ठेवलं की पैसे वाचतात. नवऱ्याचं म्हणणं, आता दुकानं बारा महिने उघडी असतात, मॉलमध्ये सवलती मिळतात, मग डबे भरून त्यात टोके (धान्यातले किडे) कशाला पाळायचे? दोघांचं ऐकून पाहिलं, तरी महिन्याचा खर्च खाली येत नाही. मग करायचं काय?

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि खर्च खाली येत नाही तो दोघांची उरलेली अर्धी चूक एकत्र झाल्यामुळे. पुरुमेंताची चाल पडली त्याला दोन कारणं होती. एक, पावसात होड्या बंद, घाट बंद, त्यामुळे तांदूळ, डाळ, साखर बाहेरून येतच नसे. हे कारण आता उरलेलं नाही. दुसरं कारण हंगामाचं. मिरची, सोलां (कोकमं), चिंच, सुकी मासळी, गावठी कांदा, मिठागराचं मीठ हे सगळं उन्हाळ्याच्या अखेरीस तयार होतं, कडक उन्हात वाळतं आणि तेव्हाच बाजारात भरपूर येतं. हे कारण आजही तसंच आहे. म्हणून सासूबाईंची यादी मधोमध फाडायची. हंगामाचा अर्धा भाग मे महिन्यात भरायचा आणि वाणसामानाचा अर्धा भाग महिन्याच्या महिन्याला आणायचा.

पण त्याआधी एक सवय लावून घ्या, नाहीतर यादी कितीही शहाणी असली तरी फसगत होते. बाजारात सांगतात तो दर, आणि घरी निवडून, वाळवून, सोलून, सडकं काढून जे हाती उरतं त्याला पडलेली किंमत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दरावर घासाघीस करतो आणि पडलं कितीला ते कधी मोजत नाही. घरात 1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवा. पुढचं सगळं त्या काट्यावर उभं आहे.

मिरचीपासून सुरुवात करू, कारण पुरुमेंतातला मोठा पैसा तिथे जातो आणि फसवणूकही तिथेच जास्त. सुकी मिरची तोलून विकली जाते, आणि तिचं वजन वाढवायला पाण्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. ओलसर मिरची हाताला मऊ लागते आणि रंगाने जास्त लालचुटुक दिसते, म्हणून गिऱ्हाईक तीच उचलतं. मूठभर मिरच्या कानाजवळ नेऊन हलवा. वाळलेल्या मिरचीतलं बी खुळखुळतं, ओलसर मिरची मुकी राहते. एखादी उभी फाडून आत बघा. बियांच्या मधल्या पांढऱ्या पडद्यावर राखाडी किंवा काळपट बुरशी दिसली, तर ते पोतं सोडून द्या. वरून कितीही तेज दिसली तरी ती कुटल्यावर मसाल्याला कुबट वास येणारच.

घरी आणल्यावर आधी तोला, मग दोन-तीन दिवस सकाळी दहा ते चार कडक उन्हात घाला, आणि पुन्हा तोला. समजा 300 रुपये किलोने 5 किलो आणली आणि वाळून साडेचार किलो भरली, तर तुम्ही 333 रुपये किलोने मिरची घेतलीत आणि अर्धा किलो पाण्याचे पैसे दिलेत. पुढच्या खेपेला शेजारचा विक्रेता 320 सांगत असेल आणि त्याची मिरची खणखणीत वाळलेली असेल, तर स्वस्त तोच आहे. देठही तोलात जातात, तेव्हा देठ काढलेली आणि देठासकट यांचे दर एकमेकांशी ताडू नका. किलोभर मिरचीचे देठ एकदा काढून तोला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या मिरचीला किती घट धरायची ते कळेल.

जातीबद्दल सांगायचं तर खोलाची आणि हरमलची मिरची दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणूनच त्या नावाने बाहेरची मिरची विकण्याचा मोह मोठा. रोजच्या हुमणाला (मासळीच्या रश्शाला) रंग देणारी ब्याडगी आणि थोडी तिखट गावठी, असं मिश्रण पुरतं. महाग मिरची सगळीच्या सगळी मसाल्यात घालून तिची चव दडपण्यापेक्षा ती लोणच्यात, रेशादात (मासळीत भरायच्या मसाल्यात) वापरा. किती भरायची? रोज एक हुमण आणि एखादी भाजी धरली तर चार माणसांना दिवसाला साधारण 15 ग्रॅम सुकी मिरची लागते. जून ते सप्टेंबर 120 दिवस, म्हणजे 1 किलो 800 ग्रॅम. दोन किलो वाळलेली मिरची पुष्कळ झाली. सवयीने पाच किलो भरणाऱ्या घरात ऑक्टोबरमध्ये तीन किलो फिकट पडलेली मिरची उरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

भरताना होणारी चूक एकच, पण तीच सगळं बिघडवते. उन्हातून काढलेली गरम मिरची तशीच डब्यात घालून झाकण लावतात. आत वाफ धरते, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, आणि दोन आठवड्यांत वरचा थर बुरसटतो. घरात सावलीत पूर्ण निवू द्या, पण रात्रभर उघडी ठेवू नका, कारण संध्याकाळची दमट हवा ती पुन्हा शोषून घेते. चार वाजता आत आणा, साडेपाच-सहापर्यंत निवली की डब्यात. मोठा डबा पावसात रोज उघडायचा नाही. आठवड्यापुरती मिरची छोट्या बरणीत काढून घ्या, तीही उघडीप असेल त्या दिवशी. ओल्या हाताने डब्यात हात घालणं म्हणजे चार महिन्यांची मेहनत पाण्यात घालणं.

सोलांचं पाहू. इथे पाण्याऐवजी मीठ वजन वाढवतं. सोलं बोटांत धरून चोळा. बोटांवर मिठाचे कण राहिले आणि सोल वरून पांढुरकं दिसलं, तर मिठाचे पैसे सोलांच्या दराने जाताहेत. चांगलं सोल काळपट जांभळं, मऊ, वाकवलं तर न तुटणारं असतं. कडक, तुकडे पडणारं सोल बहुधा गेल्या वर्षीचं. विक्रेत्याकडून पाच-सहा सोलां मागून घ्या आणि घरी अर्धी वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून पाहा. पाण्याला गडद रंग आणि स्पष्ट आंबटपणा उतरला पाहिजे, नुसता खारटपणा नव्हे. ज्या सोलांना आगळाचे (कोकमाच्या खारवलेल्या रसाचे) पुट चांगले बसलेले असतात त्यातली पाच जे काम करतात, त्याला हलकी आठ-दहा लागतात. म्हणजे किलोला थोडी महाग सोलां शेवटी स्वस्तच पडतात. रोजची 10 ग्रॅम धरली तरी चार महिन्यांना सव्वा किलो पुरे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा. पत्र्याच्या डब्यात मीठ आणि आंबट मिळून पत्रा खातात.

सुकी मासळी हा पुरुमेंताचा खरा कस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी मुख्यतः बाहेरून येते, दर चढतो आणि ताजेपणा उतरतो. त्या दोन महिन्यांत सुकी सुंगटं (कोळंबी) आणि खारे बांगडे घरात असणं म्हणजे थेट बचत. पण सुकी सुंगटं घेताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मूठभर सुंगटं वर्तमानपत्राच्या कागदावर घेऊन दोन-तीनदा हलवा, मग सुंगटं बाजूला करून कागदावर काय राहिलं ते बघा. वाळू, मिशा, डोक्यांचा चुरा, मिठाचे कण जे काही पडलं असेल, ते सगळं तुम्ही किलोच्या दराने घेणार असता. 100 ग्रॅम विकत घेऊन घरी निवडा आणि तोला. 70 ग्रॅम उरली तर 600 रुपयांचा दर खरा 857 रुपये झाला. 85 ग्रॅम उरणारी सुंगटं 700 ला घेतली तरी 824 लाच पडतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात चार-पाच विक्रेते शेजारी शेजारी बसलेले असतात, तिथे ही परीक्षा दहा मिनिटांत होते. आधी शंभर-शंभर ग्रॅम दोघांकडून, आणि मोठी खरेदी पुढच्या फेरीत.

खाऱ्या बांगड्यात कल्ल्यांखाली आणि कण्याजवळ बघा. तिथे गुलाबी किंवा लालसर डाग असतील, तर मिठात वाढणाऱ्या जंतूंनी तो बांगडा धरला आहे. घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. अंगावर बारीक भोकं असतील तर आत किडे आहेत. सुंगटं घरी आणल्यावर एक दिवस पुन्हा ऊन दाखवा, निवडा, आणि पाव-पाव किलोची पाकिटं करून हवाबंद डब्यात ठेवा. फ्रीझरमध्ये जागा असेल तर सर्वांत उत्तम, कीड आणि वास दोन्ही प्रश्न मिटतात. आठवड्यातून दोनदा 40 ग्रॅम धरली तर मोसमाला सव्वा ते दीड किलोच्या आसपास होतात.

नारळ नगावर विकतो, आणि नगावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीत आपण हिशेब सोडून देतो. सोललेल्या नारळाच्या वजनात खोबऱ्याचा वाटा साधारण चाळीस टक्के, बाकी करवंटी आणि पाणी. समजा 700 ग्रॅमचा मोठा नारळ 45 रुपयांना आहे आणि 400 ग्रॅमचा छोटा 30 रुपयांना. मोठ्यातून सुमारे 280 ग्रॅम खोबरं मिळेल, म्हणजे किलोला 161 रुपये. छोट्यातून 160 ग्रॅम, म्हणजे किलोला 187 रुपये. पंधरा रुपये वाचले असं वाटत असताना छोटा नारळ महाग पडला. अर्थात एका वेळेला अर्धाच नारळ लागत असेल आणि उरलेली भकल खराब होत असेल, तर हे गणित उलटतं. मग मोठा नारळ एकदाच खवून रोजच्या वाट्याचे डबे फ्रीझरमध्ये ठेवा. निवडताना हलवून पाणी वाजतंय का बघा, आणि तिन्ही डोळे कोरडे आहेत याची खात्री करा. डोळ्याभोवती ओल किंवा बुरशी असेल तर नारळ आतून गेलेला किंवा जाण्याच्या वाटेवर असतो. शेंडी काढलेला नारळ लवकर बिघडतो. साठवायचे तर सोडणासकट (वरच्या सालीसकट), कोरड्या जागी, जमिनीला न टेकता. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या, खरेदीबरोबर नारळही चढतो, तेव्हा चवथीला लागणारे वीस-पंचवीस नारळ तीन आठवडे आधीच घरात आलेले असू द्या.

कांद्याच्या माळा वाऱ्याला टांगून ठेवा, पोत्यात भरू नका. माळ घेताना मानेजवळ दाबून बघा, मान मऊ असेल तर तो कांदा पहिल्या पावसात सडतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो. जाडं मीठ लोणच्याला, खारवायला आणि मिठात दाबून ठेवायच्या चेपणीच्या आंब्यांना घ्या. रोजच्या जेवणात मात्र आयोडीनयुक्तच वापरा, तिथे वाचवण्यासारखं काही नाही. चिंच चिंचोके काढलेली आणि चिंचोक्यांसकट, यांचे दर वेगळे धरून ताडा.

आता न भरण्याच्या गोष्टी, आणि इथे तुमच्या नवऱ्याचं ऐका. डाळी, रवा, गव्हाचं पीठ, साखर, तेल यांचे दर मे आणि ऑगस्टमध्ये फारसे वेगळे नसतात. जो काही फरक असतो, तो टोक्यांनी, जाळीने आणि कुबटपणाने खाल्लेल्या मालापुढे टिकत नाही. पावसात आपल्याकडची हवा इतकी दमट असते, की झाकण जरा सैल असलं तरी डाळ ओल धरते, आणि धान्यात ओल शिरली की आधीपासून आत असलेली अंडी फुटतात. कीड बहुतेक वेळा दुकानातूनच येते, डब्यात आपोआप होत नाही. म्हणून महिन्याला पुरेल एवढंच आणा. तूरडाळ दोन महिन्यांची घ्यायचीच असेल, तर किलोला एक छोटा चमचा एरंडेल हाताने चोळून ठेवा आणि शिजवण्याआधी धुवा. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून निववून ठेवा. फ्रीझर रिकामा असेल तर डाळीचं पाकीट तीन-चार दिवस त्यात ठेवून मग डब्यात भरा, पण पाकीट बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं. धान्यात बोरिक पावडर घालायची जुनी चाल अजून काही घरांत आहे. ती सोडा, ते पोटात जायला नको.

तांदळाला थोडा अपवाद. उकडा तांदूळ टणक असल्याने सुरयापेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) उशिरा कीड धरतो, तेव्हा 25 किलोचं पोतं घेतलं तरी चालेल. दाणा दाताखाली धरा, कट्ट आवाज करून तुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. सुरय मात्र महिन्याचाच.

ताज्या मासळीवर घरचा सर्वांत मोठा खर्च होत असणार, आणि प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. बाजारात वाटा मांडलेला असतो. आकडा सोपा वाटतो, शंभराला इतके बांगडे. पण बांगडा 90 ग्रॅमचाही असतो आणि 160 ग्रॅमचाही. पिशवीत बसणारा टांगता वजनकाटा मिळतो, वाटा घेण्याआधी एकदा अडकवून बघा. पाच बांगड्यांचा वाटा 100 रुपये आणि वजन 450 ग्रॅम, म्हणजे किलोला 222. शेजारी चारच बांगडे 100 रुपयांना, पण वजन 560 ग्रॅम, म्हणजे किलोला 179. शिवाय मोठ्या बांगड्यात डोकं-आतडी जाऊन मांस जास्त राहतं. सुंगटं डोक्यासकट घेतली तर अर्धंच हाती लागतं. किलोभर 400 ला घेतली तर सोललेली 800 रुपये किलो पडली. सोललेली तयार 700 ला मिळत असतील तर तीच स्वस्त, फक्त ती बर्फाच्या पाण्यात किती वेळ भिजत पडलीत ते बघा, कारण भिजलेलं मांस पाणी पिऊन जड होतं. डोकी-सालं घरी आणलीत तर त्यांचं पाणी काढून हुमणात घाला, म्हणजे 400 चं गणित थोडं सुधारतं. इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्यांचा आणि अख्ख्या इसवणाचा दर ताडताना डोकं, शेपटी आणि आतडी मिळून पाव हिस्सा घट धरा, पण डोक्याचं हुमण करणार असाल तर तेवढी घट धरू नका.

ताजेपणा बोटाने ओळखा. पाठीवर दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि स्वच्छ. तिसऱ्या, खुबे शिंपला मिटलेलेच घ्या. उघडा असेल तर टिचकी मारा, मिटला तर जिवंत, नाही मिटला तर बाजूला काढायला सांगा. दुपारनंतर वाटे मोठे होतात, पण संध्याकाळी लगेच चुलीवर चढणार असेल तरच त्यात फायदा. तारले आणि लेप यांसारखी स्वस्त मासळी हंगामात भरपूर येते. आठवड्यातले दोन दिवस पापलेट-इसवणाऐवजी ती खाल्ली, तर मासळीच्या खर्चात जो फरक पडतो तो कुठल्याही सवलतीने पडणार नाही.

भाजी गोवा फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घ्या. तिथे रोजचा दर लिहिलेला असतो आणि तो बाजारापेक्षा बहुधा कमी असतो. दर ठरलेला, पण प्रत ठरलेली नसते. बेळगावहून माल येऊन गाडा लागतो तेव्हा सकाळी जा, टोमॅटो आणि भेंडी स्वतः निवडा. पावसात रस्त्याकडेला गावच्या बायका तायकिळो, अळू, फागलां, तवशीं अशा पावसाळी भाज्या घेऊन बसतात. ती खरेदी स्वस्त म्हणून करा आणि ताजी म्हणूनही करा. मानकुराद आंबा सुरुवातीला घेऊ नका, मेच्या मध्यापर्यंत दर कित्येक पटींनी उतरलेला असतो. पहिला जोराचा पाऊस झाला की आत अळी सापडायला लागते, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे घेण्याचे.

काजूगर घेताना पाकिटावर डब्ल्यू-240, डब्ल्यू-320 असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. आकडा लहान तितका गर मोठा आणि महाग. घरी 100 ग्रॅम तोलून मोजा. 240 च्या प्रतीत 48 ते 53 गर यायला हवेत, 320 च्या प्रतीत 66 ते 70. 240 चे पैसे देऊन 68 गर मोजले गेले, तर खालची प्रत हाती आली आहे. वाटण-घाटणाला आणि खिरीला अख्खा गर लागतच नाही. पाकळी किंवा तुकडा घ्या, चवीला तोच.

मॉलच्या सवलतींबद्दल. पाकिटावर आता एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापावी लागते. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅममध्ये असते, जास्त वजनाच्या पाकिटावर किलोमध्ये, म्हणून लोक गोंधळतात. ग्रॅमचा आकडा हजाराने गुणा, 0.18 रुपये ग्रॅम म्हणजे 180 रुपये किलो. आणि ही किंमत छापील एमआरपीवरून काढलेली असते, सवलतीच्या दरावरून नाही. सवलत असेल तर आकडेमोड तुम्हालाच करावी लागते. फोनमध्ये गणकयंत्र आहेच.

तेलाच्या फळीसमोर एकदा थांबून बघा. एका पिशवीवर 1 लिटर, म्हणजे सुमारे 910 ग्रॅम, दर 150 रुपये. शेजारी हुबेहूब तेवढीच दिसणारी पिशवी, वजन 850 ग्रॅम, दर 145. दुसरी पाच रुपयांनी स्वस्त दिसते. किलोला मात्र पहिली 165 रुपये पडते आणि दुसरी 171. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हेही खरं नाही. शाम्पूच्या पुड्या पाहा. समजा दोन रुपयांच्या पुडीत 6 मिली आणि 300 रुपयांच्या बाटलीत 340 मिली. पुडीतला मिली 33 पैशांना, बाटलीतला 88 पैशांना. पुड्यांचं प्लास्टिक मात्र जास्त होतं, हेही मनात असू द्या. एकावर एक मोफतवाल्या मालाची शेवटची तारीख बघा, ती दोन-तीन आठवड्यांवर असेल तर दुसरं पाकीट कोण संपवणार? गोवा बागायतदारसारख्या सहकारी बाजारात आणि मॉलमध्ये महिन्याच्या यादीतल्या दहा वस्तूंचे दर एकदाच लिहून काढा. सगळ्या वस्तू एकाच ठिकाणी स्वस्त नसतात, पण दोन ठिकाणी जाण्याचं पेट्रोल धरून फरक उरतो का, तेही त्याच कागदावर मांडा.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. थंड करून दिलं म्हणून बाटलीमागे दोन-पाच रुपये जास्त घेणं हे दुकानदाराला चालत नाही, किनाऱ्याजवळच्या दुकानातही नाही. हॉटेलात बसून मागवलं तर गोष्ट वेगळी, तिथे सेवा धरली जाते असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं आहे. वजनकाट्यावर वजनमाप खात्याची मोहोर आणि वर्ष असतं, इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी व्हावी लागते. माल ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, आणि मिठाईत खोक्याचं वजन वगळलं ना, एवढं बघितलंत तरी पुष्कळ. गॅसच्या सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवून भरलेल्या टाकीचं वजन यायला हवं. घरपोच देणाऱ्याला दारात तोलून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

काही बिघडलंच तर आधी बिल, मग तक्रार. बिल नसेल तर पुढचं सगळं लंगडं पडतं, म्हणून हजाराच्या वरची कुठलीही वस्तू बिलाशिवाय घेऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. बिलाचा आणि पाकिटाचा फोटो हाताशी ठेवून फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तिथे सुटलं नाही तर उत्तर किंवा दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

या वर्षी पहिल्यांदाच मोजून भरत असाल तर प्रमाण नेमकं बसणार नाही. त्यासाठी प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख आणि वजन लिहा. चवथीच्या दोन आठवडे आधी, घराची साफसफाई चालू असते तेव्हा, प्रत्येक डबा काट्यावर ठेवून उरलेलं वजन त्याच पट्टीवर टिपा. दोन किलो मिरचीतून किलोभर उरली असेल, तर पुढच्या मेमध्ये दीड किलोच आणायची. सोलांची बरणी ऑगस्टच्या मध्यालाच रिकामी झाली असेल, तर सव्वाऐवजी दोन किलो.